चिंधी बांधलेली बाटली

माझा स्वभाव मुळातच संशयी. माहेर सारोळ्याचं, रस्त्यावरचं गाव. येणारा-जाणारा काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी उचलून न्यायला, हे तिथं लहानपणीच कळतं. लग्न होऊन वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीत आले, तेव्हा हा स्वभावही पाठोपाठ आला. सासूबाई म्हणायच्या, "ही देवाच्या परसादात बी खडा शोधंल." शोधायचेच मी. आणि पुष्कळदा सापडायचाही.

वाडीच्या खालच्या अंगाला जांभळीखाली एक झरा होता. खडकाच्या फटीतून पाणी यायचं, दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात साठायचं. सगळी वाडी त्याच्यावरच जगायची. माझी पहिली मुलगी, नुकती घरभर पळायला लागलेली, हगवणीनं गेली, आणि तेव्हापासून माझा राग त्या झऱ्यावर बसला. वर गुरं कुणाची बसतात, पोतेरं कोण धुतं, यावर मी डोळ्यात तेल घालून नजर ठेवायचे. बायका हसायच्या. हसू देत. त्यांची पोरं घरी खेळत होती.

मग मुलगा झाला. तो अंगावरच्या दुधाशिवाय पाणीही प्यायला लागला आणि माझी झोप उडाली. याला कुठलं पाणी पाजायचं? मी उकळून पाजायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "सरपन काय तुज्या बापानं धाडलंय?"

अशात बातमी आली, की गावोगावच्या झऱ्यांचं पाणी तपासायला भोरहून माणूस येणार. पाणी चांगलं निघालं तर झरा सिमेंटनं बांधून मिळणार, वाईट निघालं तर बंद. मला वाटलं, आता तरी खरं काय ते कळेल. वाडीला मात्र वेगळीच शंका. "आज बाटलीभर नेतील, उद्या झराच नेतील," असं पाटील म्हणाले, आणि एरवी बांधावरून भांडणारे सगळे एका सुरात हो म्हणाले.

त्यातून तोड निघाली ती अशी. वर देवळामागं देवीचं कुंड होतं. तेही झऱ्याचंच, पण रोजच्या पिण्याचं नव्हे. देवीच्या अभिषेकाला आणि दुखणेकऱ्याला तीर्थ म्हणून द्यायला ते पाणी. त्याहून पवित्र पाणी पंचक्रोशीत नाही, तेव्हा सरकारला तेच दाखवायचं ठरलं. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटलं नाही. "खोटं कुटं हाय? पानी गावचंच की," पाटील म्हणाले.

माणूस आला. किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी, हातात लाकडी पेटी. पेटीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, काचेच्या बुचाच्या बाटल्या. मला त्याचाही संशय आलाच. बाटलीत आधीच काही घालून आणलं नसेल कशावरून? कुंडाशी बसून त्यानं काकडा पेटवला आणि बाटलीचं तोंड जाळावर फिरवलं, तेव्हा मागं कुणीतरी पुटपुटलं, "करनी करतोय." मग पाणी भरता भरता त्यानं विचारलं, "हेच पिता ना सगळे?"

"व्हय, ह्येच," पाटील म्हणाले. माना हलल्या.

माझं डोकंच फिरलं. ही बाटली गेली की माझ्या झऱ्याचं खरं-खोटं कायमचं बुडालं. पोर कडेवर घेऊन मी पुढं झाले. "न्हाई साहेब. ह्ये देवीचं. आमी पितो त्ये खाली, जांभळीपाशी."

सासूबाईंनी असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. पण साहेब खाली आले आणि त्यांनी दुसरी बाटली भरली. मी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून त्या बाटलीच्या गळ्याला बांधली. म्हटलं, "अदलाबदल नगं." ते हसले. मी हसले नाही.

पुढं कितीतरी दिवस झऱ्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही. सासूबाई बोलायच्या, पण पोरामार्फत. "बाळा, तुज्या आईला इचार, भाकरी टाकनार हाय का साहेब यायची वाट बघनार?"

साहेब परत आले ते निकाल घेऊन. मारुतीच्या पारावर वाडी जमली. "चिंधीवाली बाटली उत्तम निघाली," ते म्हणाले. "बिनघोर प्या. झरा बांधून मिळेल. दुसरं पाणी मात्र घोटभरसुद्धा कुणी घेऊ नका. हगवण लागते त्यानं."

"देवीच्या पान्यानं?" पाटलांचा आवाज चढला. साहेबांनी कुंडात कुजलेली फुलं, वाहिलेलं दूधदही आणि वटवाघळांची घाण असल्याचं सांगितलं. लोक त्यांच्यावर धावून जायचेच बाकी होते.

मी एवढंच विचारलं, "बाटल्या बदलल्या नसतील?"

"बाई, चिंधी तर तुमचीच होती."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी आपल्याला फसवलेलं असलं तर बरं. कारण मुलगी आजारी पडली तेव्हा सासूबाई अनवाणी डोंगर चढून सकाळ-संध्याकाळ ते तीर्थ आणत होत्या. पोरीला जास्त होईल तसं आम्ही जास्त पाजत होतो.

घरी आले तर सासूबाई चुलीपाशी बसलेल्या. चूल पेटवलेली नव्हती. कितीतरी दिवसांनी त्या सरळ माझ्याशी बोलल्या.

"तोंड फिरवत हुती गं ती."

"व्हय आत्याबाई," मी म्हणाले. "म्या नाक दाबून पाजलं."