पेन्शनवाल्याला तुळशीपत्र नाही

चिकपेटेच्या बाजारातल्या शिंपी समाजाच्या पतसंस्थेचे अध्यक्ष नरसिंगराव बोलायला लागले, की हेमावती त्यांच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघायची. बोलणं सगळं तिथूनच येतं, असं तिचं मत होतं. कपाळावर गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ, आणि व्याज मात्र पहिल्या तारखेला हातात पडलंच पाहिजे. मग घरात दसरा असो की सुतक.

हेमावती शिंप्याची लेक आणि शिंप्याचीच सून. बाजारामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत तिचं शिवणाचं मशीन दिवसभर चालायचं. नवरा नागोजी मात्र कात्री टाकून पीण्या नावाच्या उद्योगवसाहतीतल्या कारखान्यात गेला होता. तिथे पगार बांधलेला असतो म्हणे. ब्याण्णव साली प्रेसखाली त्याचा उजवा हात सापडला. अंगठा आणि तीन बोटं गेली, करंगळी तेवढी राहिली.

"राहू दे," नागोजी म्हणाला, "गोवर्धन उचलायला तेवढी पुरते."

गोवर्धन उचलला हेमावतीनं. कामगार विम्याचं अपंगत्वाचं पेन्शन मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर खायचं काय? मशीन तारण ठेवून तिनं समाजाच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. मग पेन्शन सुरू झालं. रक्कम एवढीशी, पण नागोजी जिवंत असेपर्यंत येणारी. दर वर्षी तो हयातीचा दाखला घेऊन विम्याच्या ऑफिसात गेला, की तिथला साहेब त्याचा हात उलटासुलटा करून बघायचा.

"नवी बोटं फुटली का बघतोय बिचारा," हेमावती म्हणायची.

घरात खाणारी तोंडं पाच. पेन्शन भाड्यात जायचं, शिलाई पोटात जायची, आणि कर्जाचे हप्ते थकले. मशीन उचलून नेण्याची नोटीस आली.

एक वाट होती. संस्थेत जुनी रीत होती, की कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं, की दोघातिघा गांजलेल्यांच्या कर्जाच्या कागदावर अध्यक्षांनी देवासमोर तुळशीपत्र ठेवायचं. ठेवलं, की कर्ज सुटलं. अट एकच, घरात दरमहा येणारी बांधलेली आवक नसावी.

त्या वर्षी पहिलं तुळशीपत्र पडलं प्रदीपकुमारच्या कागदावर. त्याचं खिळ्यामोळ्यांचं दुकान बायकोच्या नावावर, घर आईच्या नावावर. त्याच्या स्वतःच्या नावावर फक्त पोटदुखी. बिचाऱ्यानं डोळे पुसले, ते सोन्याच्या अंगठ्या घातलेल्या हातानं.

हेमावती पुढे झाली.

"तुमचं नाही बसत, अक्का," नरसिंगराव म्हणाले. "नागोजीला सरकारचं पेन्शन आहे. घरबसल्या पैसे येतात."

"घरबसल्या? अण्णा, चार बोटं दिलीत त्याची. तुम्ही एक देऊन बघा, किती येतात ते."

बायकांत खसखस पिकली. नरसिंगरावांनी माळ कुरवाळली.

"नियम म्हणजे नियम."

"पेन्शन येत नव्हतं म्हणून कर्ज काढलं. आता ते येतं म्हणून माफी नाही. मग माफी कुणासाठी हो? प्रदीपकुमारच्या पोटदुखीसाठी?"

नरसिंगराव रागावले नाहीत. रागवायलाही थोडी लाज लागते. ते गोड हसले. "एक करा. पेन्शन नको असं त्या ऑफिसला लिहून द्या. मग तुम्ही निराधार. मी आत्ता इथंच तुळशीपत्र ठेवतो."

नागोजी लगेच तिच्या कानाशी लागला. "लिहून देऊ या की गं. मशीन तरी वाचेल. स्वल्प दिवसांनी परत अर्ज करू."

"एकदा सोडलेलं परत द्यायला ते काय तुमचे सासरे आहेत?" ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, म्हणजे आधी आम्ही निराधार व्हायचं आणि मग तुम्ही आधार देणार! मशीन घेऊन जा."

"देवासमोर असं तोडून बोलू नये, अक्का."

"त्याला ऐकू जावं म्हणून तर इथं बोलले."

दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस रिक्षा घेऊन आला. हेमावतीनं मशीनला हळदकुंकू लावलं, त्या माणसाला कॉफी दिली. नागोजी भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"पेन्शन चाटत बसायचं आता," तो म्हणाला.

"मशीन आज ना उद्या झिजलंच असतं. तुमची बोटं एकदाच गेली, आता झिजायची नाहीत. त्यांचा पैसा तुम्ही आहात तोवर येणार. आता माझ्यावर उपकार करा, खूप जगा."

मशीन विकूनही कर्ज थोडं उरलंच. चिकपेटेतल्या दुकानांतून साड्या आणून ती हातानं फॉल लावायला लागली. डोळ्यांना चष्मा आला, बोटांना घट्टे पडले, आणि दोन वर्षांत कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता द्यायला ती गेली, तेव्हा नरसिंगरावांनी मोठ्या मनानं प्रसादाचा बुंदीचा लाडू पुढे केला.

"घ्या अक्का. मनात काही ठेवू नका."

"आज एकादशी आहे, अण्णा. मला चालत नाही."

नरसिंगरावांनी घाईघाईनं हात जोडले, लाडू परत ताटात ठेवला आणि स्वतः चघळत असलेला लाडूचा घास हळूच रुमालात काढला.

त्या दिवशी नवमी होती.