ताईचे बिनआवाजाचे कपडे

हौशी फोटोवाल्यांची जमात पहिल्यापासून माझ्या डोक्यात जाते, आणि माझी सख्खी थोरली बहीण त्यांच्यातलीच एक आहे. तिला गाडी चालवता येत नाही आणि मला तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे तिचा ड्रायव्हर मी.

ताई रुग्णालयाच्या शिवणखात्यात आहे. चादरींना ठिगळं लावायची, डॉक्टरांच्या झग्यांचे बंद शिवायचे, धुऊनही न गेलेल्या डागांकडे बघत बसायचं. तसल्या कामानंतर दुसरं कुणी सुट्टीत पाय ताणून झोपलं असतं. हिनं एक जुना कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागली. सुरुवातीला एकही पक्षी तिला उभं करेना. मग हिनं पक्ष्यांऐवजी स्वतःच्या कपड्यांकडे बघायला सुरुवात केली, आणि आमच्या घराची रया गेली.

खुर्चीवर, दारामागे, माझ्या पलंगावर मातकट कापडं. नायलॉन सळसळतं म्हणून बाद. खिशांच्या चिकटपट्ट्या उघडताना चर्रकन आवाज करतात म्हणून त्या उसवून कापडी गुंड्या लावल्या. पांढरा सदरा चहाच्या पाण्यात भिजवून करडा केला. हातमोज्यांची अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची टोकं कापली, म्हणजे थंडीत बटण दाबता येतं. विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे, म्हणजे गोचिडी वर चढत नाहीत. कॅमेऱ्याला टेकू म्हणून सुक्या वालांची पिशवी, आणि रिमझिम आली की त्याच्या डोक्यावर माझी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी. अंगाला वासाचं तेल लावायचं नाही, हा नियम तिनं मलाही लावला, आणि मी तर गाडीतच बसून असायचो.

पण कपड्यांनी काम केलं. गावाबाहेर पाणीपुरवठ्याचं एक बंद पडलेलं केंद्र आहे. तिथल्या पहारेकऱ्याच्या कोटाचं अस्तर ताईनं एकदा बदलून दिलं होतं, तेव्हापासून तो तिला फाटक उघडून द्यायचा. पंपघराच्या पायऱ्यांवर बसलं की समोरच्या फांदीवर, डोळ्यांच्या रेषेत, हळद्याचं घरटं दिसायचं. हळद्या मोठा बुजरा, माणूस दिसला की गेलाच. ताई मात्र इतकी हळूहळू जवळ सरकली की मादीनं तिची दखल घेणंच सोडलं. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली त्या दिवशी ताई गाडीत बसली आणि रडली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. सगळी आहेत." त्या पिल्लांनी उडावं आणि ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यापुढे फोटोचंही तिला फारसं नव्हतं.

आता त्या मंडळाकडे वळतो, म्हणजे मला मळमळायला मोकळीक. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा फोटोवाले जमतात. एकाच्या जाकिटाला इतके खिसे, की किल्ली शोधताना त्याचा हात स्वतःच्याच अंगावर रस्ता चुकायचा. अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी. त्यांच्या लांबलचक लेन्समुळे मी त्यांना तोफवाले म्हणतो. ताई खोलीत आली की हीच माणसं तिच्या चहानं रंगवलेल्या सदऱ्याकडे बघून नाक मुरडायची. पण तिचे फोटो दिसू लागले आणि सूर पालटला. तोफवाल्यांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं: "ताई, तुमचं तंत्र आम्हालाही सांगा की." कोणी आपल्याला बोलायला बोलावलंय याचंच हिला अप्रूप. तिनं सगळं सांगितलं. वर तिघांना तसले सदरे शिवूनही दिले, फुकट. तोफवाल्यांच्या सदऱ्याला लेन्स पुसायच्या फडक्यासाठी आतून एक वेगळा खिसा.

कपड्यांचा गुण पटावा म्हणून तिनं शेवटी हळद्याचा फोटो पडद्यावर दाखवला. मादी पिल्लांना भरवतेय, अगदी निवांत. जागा कुठली, ते तिनं सांगितलं नाही. पण पानांमागे पंपाचं लाल चाक दिसत होतं, आणि तसलं चाक गावात एकच. ताईचं सगळं लक्ष पक्ष्याकडे होतं. तोफवाल्यांचं चाकाकडे गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही फाटकाशी पोचलो तर पहारेकरी म्हणाला, "काल तुमची माणसं येऊन गेली."

ताईनं विचारलं, "कुठली माणसं?"

"तिघं होते. तुमच्यासारखेच कपडे. ताईंनीच शिवलेत म्हणाले. मग मी कशाला अडवू? दिवसभर बसले होते बिचारे."

पंपघरापाशी पायऱ्यांवर पानांचा ढीग पडला होता. घरट्यावरची, बाजूची, समोरची, सगळी पालवी छाटून टाकली होती. कापलेल्या जागा पांढऱ्याफटक दिसत होत्या. फोटोत पानं आडवी येतात ना! फडक्याच्या खिशात तोफवाल्यानं झाडं छाटायची कात्री आणली होती, पहारेकऱ्यानं ती पाहिली होती. भर उन्हात घरटं उघडं, समोर तीन माणसं, आणि पानं छाटताना उडालेली मादी परत यायला धजावली नसावी. घरट्यात मुंग्या होत्या. ताईनं पाहिलं, मी एकदा पाहून मान फिरवली. मला शिसारी आली ती मुंग्यांची नाही, मुंग्या आपलं काम करत होत्या.

परतताना ताई एवढंच म्हणाली, "ते अगदी माझ्यासारखे गेले रे तिथं."

महिन्याच्या सभेला जाऊ नकोस म्हणून मी विनवलं. ती गेली, आणि मीही मागून गेलो. पडद्यावर तोफवाल्यांचा फोटो आला. छान उजेड, मागे काही नाही, पिल्लांच्या चोची टाळूपर्यंत उघड्या. नाव दिलं होतं 'भूक'. खोलीभर टाळ्या पडल्या.

ताई उभी राहिली. आवाज चढवला नाही. "ती भुकेली नाहीत. उन्हानं धापा टाकताहेत. हा फोटो काढला तेव्हा ती मरत होती. आता ती नाहीत."

मला वाटलं, आता कुणाला तरी लाज वाटेल. मागून एकानं विचारलं, "शटर किती ठेवलं होतं?" आणि तोफवाल्यांनी आकडा सांगितला.

मी ताईला हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं, तर तो तोफवाला मागोमाग धावत आला. तोच करडा सदरा अंगात.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. निसर्गात हे चालायचंच. बरं, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलाल का? ऊन कडक व्हायला लागलंय, तासन्‌तास बसून आपल्या लोकांना चक्कर येते. उन्हापासून स्वतःला कसं सांभाळावं, एवढंच सांगा."

ताईनं त्याच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"फांद्या तोडू नका," ती म्हणाली. "सावली लागते."

"वा, हे उत्तम," तो म्हणाला, आणि मोबाइल काढून त्यानं ते टिपून घेतलं.