सबटल

"पुन्हा म्हण," सर म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले, "सबटल."

सगळा वर्ग हसला. एक मुलगी तर ओढणीनं डोळे पुसत होती.

सरांनी कवितेबद्दल विचारलं होतं. कुणी हात वर केला नाही, मी केला. नगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला इंग्रजी स्पेशल घेऊन चार महिने झाले होते. वर्गात तोंड उघडायची ती माझी पहिलीच वेळ. कविता सूक्ष्म आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी डिक्शनरीतून शब्द काढून ठेवला होता. लिहिलाय तसा म्हटला.

"त्यातला बी म्हणायचा नसतो. सटल," सर म्हणाले. मग पुढच्या बाकांकडे बघून, "कोट्यातून ॲडमिशन मिळते. उच्चार मिळत नाहीत."

पुन्हा हशा.

मला कोण सांगणार होतं? राहुरीजवळच्या आमच्या बौद्धवाड्यात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. हे शब्द मी कानानं कधी ऐकलेच नव्हते, फक्त डोळ्यांनी बघितले होते. डिक्शनरी जुन्या बाजारातली. उच्चाराच्या खुणा समजावणारी सुरुवातीची पानंच फाटलेली. तरी रोज दहा शब्द. एसटीत उभ्यानं पाठ करायचे. आई उसाच्या खुरपणीवरून आली की विचारायची, "आज कंचं शब्द झालं?" मी म्हणून दाखवायचे. तिला एकही कळायचा नाही, पण ऐकताना तिचा भाकरी थापणारा हात थांबायचा.

त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव सबटल पडलं. जिन्यात सबटल. लायब्ररीत सबटल. सरसुद्धा हजेरी घेताना तेच म्हणायचे.

मी शब्द सोडले. पुस्तक उघडलं की लगेच मिटायचे. प्रत्येक शब्दात एखादं न म्हणायचं अक्षर लपलंय, मला पकडायला बसलंय, असं वाटायचं. घरून निघायचे आणि दिवसभर राहुरीच्या स्टँडवर बसून राहायचे. नगरच्या गाड्या डोळ्यांसमोरून जायच्या. एकदा वाटलं, एखाद्या गाडीखाली गेलं तर सुटेन.

एका संध्याकाळी डिक्शनरी चुलीत घालायला नेली. आईनं मनगट धरलं.

"सरपान सरलंय व्हय?"

मी डिक्शनरी सोडली नाही.

"मारलं का कुनी?"

"न्हाई."

"मंग?"

"हसले."

मग सगळं सांगितलं. कोट्याचंही. आईनं डिक्शनरी माझ्या हातातून काढून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "माज्या आयला शाळेच्या दारातनं हाकललं. तुला आत बसवून हाकलत्यात. तू उठून आलीस, म्हंजी त्यांचं काम झालं की."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. सरांनी हजेरी घेतली. माझा नंबर आला.

"सबटल?"

मी उभी राहिले.

"सर, हजेरीत माझं नाव लिहिलंय. ते घ्या. त्याशिवाय मी हजर म्हणणार नाही."

कुणी हसलं नाही. सरांनी गैरहजेरी मांडली. मी तासभर उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. सरांनी नाव घेतलं नाही, मी हजर म्हटलं नाही. प्रिन्सिपॉलकडे इंग्रजीत अर्ज दिला, शब्द न् शब्द माझा. उत्तर आलं नाही.

हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवला. वर्ष गेलं. आईबरोबर उन्हाळाभर खुरपणीला गेले. हाताला फोड आले. वाड्यातले म्हणायचे, लई शिकली, आता लगीन करा. आई त्यांना उत्तर देत नसे. मलाही धीर देत नसे. वर्ष गेल्याचं दुःख दोघींनाही होतं. ते आजही आहे.

जूनमध्ये पुन्हा ॲडमिशनच्या खिडकीशी उभी राहिले. क्लार्कनं जुना फॉर्म बघितला.

"मराठी स्पेशल घे ना. पास होण्यापुरतं इंग्रजी येतंच की तुला."

"पास होण्यापुरतं नकोय," मी म्हणाले. "तुमच्या सरांना डिक्शनरी उघडायला लागंल, एवढं पाहिजे. इंग्रजीच लिहा."

त्यानं लिहिलं. मी सही केली आणि त्याच वर्गात, पहिल्या बाकावर जाऊन बसले.