मेव्हण्याचा एक शुद्ध शब्द

खुणेशिवाय सख्ख्या बापाला बाप म्हणणार नाही असा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत एकच, तो म्हणजे माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईच्या एका रक्ताच्या लॅबमधून रिटायर होऊन रोह्याला लागून वरसे गावात राहिला, पण लॅब काही त्याच्या अंगातून गेली नाही. माणसाच्या हाडात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, हजारोंत एखादी, दिसायला बाकीच्यांसारखीच. तिच्या अंगावरच्या खुणांना चमकता रंग चिकटवून यंत्रात तिला हुडकायची, हे त्याचं काम. "एका खुणेवर जायचं नाय, भावोजी," तो मला सांगायचा. "चौतीस नंबरची पायजे आणि अडतीस नंबरची नको. दोन्ही जुळलं तर खरी." हाच कायदा त्याने घरी लावला. शेजारणीची कोंबडी अंगणात आली, तर तुरा तोच हाय पण पायाला चिंधी नाय, म्हणून दिवसभर टोपलीखाली डांबली. "चिंधी सुटली असंल रे मेल्या, कोंबडी मला ओळखतेय ना!" शेजारीण ओरडली. स्वतःच्या मुलाच्या लग्नात चपला समोर दिसत असून, आतला शाईचा ठिपका पुसला होता म्हणून, हा अनवाणी घरी आला.

मग माझ्या बायकोच्या हाडात रक्त तयार व्हायचं थांबलं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, भावाच्या पेशी जुळतात, त्या देऊन बघू, पण लवकर या. आम्ही पेणला परत आलो आणि बहिणीला समजावायला मेव्हणा आला. उभ्या नोकरीत हा सगळं इंग्रजीत बोलला, पण बहिणीला कळावं म्हणून कुठल्याशा पत्रकातला शुद्ध मराठी शब्द काढला. "ताय, तुझ्या मूलपेशी संपल्यात." त्यानंतर मुंबईचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ओरडलो, नको ते बोललो. असे दोन महिने गेले. शेवटी मेव्हणा दारात बसला, ताय बोलत नाय तोवर जेवत नाय म्हणून. तेव्हा ती बोलली. "मला मूल झालं नाय ते तुला म्हाईत नाय? जन्मभर लोकांनी विचारलं. आता डॉक्टरसमोर पण सांगू, मूल नाय म्हणून त्या पेशी पण नायत?"

तो सवयीने हसला, मग उठून तिच्याजवळ जाऊन बसला. "मूल म्हंजे मूळ गो ताय. झाडाला असतं ते. पोराबाळाचा काय संबंध नाय."

"मग मूळ म्हणायचं होतंस, मुडद्या," ती म्हणाली, आणि उठून लुगडं बदलायला गेली.

मुंबईला नेली तिला. याच्या रक्तातून पेशी काढल्या, मोजल्या, भरपूर भरल्या. कागद घेऊन हा वॉर्डभर नाचला. पण तोवर तिच्या छातीत जंतू शिरून ताप चढला होता. अशा अंगात देता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. पेशी पिशवीत थंड होऊन पडल्या. आठव्या दिवशी ती गेली.

आता तो दर रविवारी पेणला रामवाडीत माझ्याकडे येतो. ओट्यावर बसतो, चहा निवेपर्यंत कपात बघतो आणि विचारतो, "भावोजी, मी इंग्रजीतच बोललो असतो तर ताय वाचली असती का?"

"नाय. नसती वाचली," मी सांगतो.

मला काय कळतंय त्यातलं? डॉक्टरना मी विचारलंच नाही, मुद्दाम. ते व्हय म्हणाले असते तर याच्या तोंडाकडे बघवलं नसतं, आणि हा सोडून माझ्या दारात आता येतंय कोण.