आईची हळद आणि माझी रिंग

इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, लग्न मोडल्यावर गप्प बसणं, सगळं मी घरच्यांना विचारून केलं. लिंगाला रिंग टोचून घेतली ती मात्र कुणालाही न विचारता. निदान एक गोष्ट फक्त माझी असावी, एवढंच होतं.

मी नोकरीला होतो नेदरलँड्समध्ये. तिथल्या आइंडहोवन शहरातल्या टोचून देणाऱ्या स्टुडिओतली बाई दाताच्या डॉक्टरसारखी गंभीर होती. ग्लोव्ह्ज, जंतुनाशक, पेनाने खूण. मूत्रमार्गात बारीक नळी सरकवून ती म्हणाली, "श्वास सोडा," आणि टोकाच्या खालच्या बाजूने सुई त्या नळीत घातली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोवर रिंग बसलीसुद्धा. थोडे दिवस रक्त येईल, लघवीला झोंबेल, पाणी भरपूर प्या, मिठाच्या पाण्याने धुवा, दुसरं काहीही लावू नका, आणि जखम भरेपर्यंत सायकल बंद.

सायकल बंद! मी राहायचो त्या बेस्ट नावाच्या शेजारच्या गावाहून बसने ऑफिसला जायला लागलो तर टीममधला प्रत्येक डच विचारायचा, सायकलला काय झालं? त्यांना पंक्चर सांगून भागलं. पण तेव्हा आई पुण्याहून राहायला आली होती. माझं फेंगडं चालणं तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मूळव्याध ना रे? तुझ्या बाबांनाही होती."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर माझी मूळव्याध जाहीर झाली. मावशी म्हणे सुरण खा, काका म्हणे ताक पी. नुसता संताप व्हायचा. त्यात आई रोज हळद आणि खोबरेल तेल कालवून वाटी बाथरूमच्या दाराशी ठेवायची. "लाव रे, लाजतोस काय?" बाहेर आलो की, "लावलीस का?" एके दिवशी जरा जास्तच ठणकत होतं. लावली. मीही त्याच घरात वाढलोय, जखम म्हटली की हात हळदीकडे जातोच.

सुजलं, पू झाला. तो पिवळा रंग बघून स्टुडिओतली बाई दचकली. तिला हळद समजावताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रिंग काढायला लावली. भोक ताजं होतं, बघता बघता बुजलं.

मी पुन्हा सायकल काढली त्या सकाळी आईनं खिडकीतूनच मावशीला व्हिडिओ कॉल लावला. "हळदीनं गुण आला बघ! बसला सायकलवर." मग फोन माझ्याकडे वळवला. "सांग ना रे मावशीला."

"हो मावशी," मी म्हणालो, "आता काहीच राहिलं नाही."