मी खुर्ची सोडली नाही

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, नाहीतर पुढे लिहिणं व्हायचं नाही. मागच्या महिन्यात, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, केवळ स्वतःची खुर्ची सोडायची नाही म्हणून मी सत्तरीच्या एका माणसाला वीस किलोचं खोकं माझ्या बैठकीत सात ठिकाणी उचलून ठेवायला लावलं. तो रविवार होता. गुरुवारी सकाळी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, तेव्हा शेजारच्या वंदनाने कुंपणापलीकडून हाक मारली, "बाई, देवाजीभाऊ गेले."

मी विचारलं, "कुठे?"

तिने डोळ्यांना पदर लावला. मी सुपातले निवडलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले...

देवाजीभाऊ म्हणजे आमच्या सिंदेवाहीचे भोंगेवाले. हिवाळा लागला की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, त्यांना आवाज पुरवायचा हा त्यांचा धंदा. आमची ओळख झाली तीही भांडणातूनच. मी तेव्हा तेवीस वर्षांची, शाळेत नव्याने लागलेली विज्ञानाची मास्तरीण. वेणी घट्ट आणि अक्कल सैल. नाटकाला गेले, बायकांच्या गर्दीत ऐसपैस जागा पकडली आणि राजाचं एक अक्षर कळेना म्हणून तरातरा जाऊन त्यांना सुनावलं, की तुमचा भोंगा बिघडलाय. ते उठून आले, मी कुठे बसले होते ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, भोंगा बराबर आहे. तुमी त्याच्या मांगं बसल्या." त्याच आठवड्यात मी सातवीच्या पोरांना ध्वनीचा धडा शिकवला होता! पण शहाणी कसली उठते? पकडलेली जागा सोडायची नव्हती, म्हणून मी त्यांनाच भोंगा फिरवायला लावला. त्यांनी फिरवलाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दिलेल्या शिव्या मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

तेव्हापासून आमच्या घरातला रेडिओ, टेप, जे काही वाजेल ते देवाजीभाऊंच्या हाताखालून गेलं. यंदा पुण्याच्या नातवाने दोन छोटे स्पीकर आणि सोबत एक काळं खोकं पाठवलं. सबवूफर. ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा खालचा घुमारा त्यातून येतो म्हणे. मी ते कोपऱ्यात ठेवून लावलं, तर स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे थरथरायला लागले आणि माझ्या खुर्चीत मात्र डग्गा नावालाही नाही. खोकं खराब निघालं, असा निकाल देऊन मी भाऊंना बोलावलं.

त्यांनी खोक्याकडे पाहिलंच नाही. खोलीच पाहिली. आमची बैठक लांबुळकी, आगगाडीच्या डब्यासारखी. चपला काढून ते इकडून तिकडे फिरले, भिंतींवर बोटांनी टकटक केली. "बोडीच्या पाण्यात गोटा टाकला का लाट काठाले लागून परत येते ना बाई? आवाजाचं तसंच आहे. जाणारी लाट अन् येणारी लाट जिथी एकमेकीले खाऊन टाकते, नेमकी तिथीच तुमची खुर्ची. तुमी काऊन दरवेळी बराबर अशीच जागा पकडता?"

"खुर्ची हलणार नाही. इथे उजेड येतो, रस्ता दिसतो," मी म्हणाले.

"मंग दुसरी रीत आहे. हा काळा डबा तुमच्या खुर्चीवर ठेवू, ढोलकी लावू अन् आपण खाली रांगत फिरू. भिंतीपाशी जिथी घुमारा सारखा आयकू येईल, तिथी डबा ठेवाचा. दोनदाच उचलाचं काम."

रांगायचं? मी? दार उघडं, समोर रस्त्याने माणसं जातायत, आणि निवृत्त मुख्याध्यापिका चार पायांवर! शिवाय माझ्या खुर्चीत खोकं बसणार आणि मी उभी... मी साफ नाही म्हटलं. भाऊ हसले आणि खोकं उचललं. दाराजवळ ठेवलं. "आता?" "बोंबलतंय." खिडकीखाली. "आता?" "घसा बसलाय याचा." मला फार मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. महाराणीसारखी बसून मी त्यांना नाचवत होते आणि तेही नाचत होते. पाचव्या जागेनंतर ते डावा खांदा चोळत थोडे टेकले. "काय झालं?" "काई नाई, शीर भरली." मी म्हणाले, "म्हातारे झाले तुम्ही, भाऊ." आणि सहावी जागा दाखवली.

सातवी बरोबर निघाली, लाकडी कपाटाच्या बाजूला. मग गुडघे टेकून ते खोक्याच्या मागचं बटण केसभर फिरवत बसले. छोट्या स्पीकरचा आवाज संपतो तिथून याचा सुरू झाला पाहिजे, जोड दिसता कामा नये, असं पुटपुटत होते. ढोलकी लावली. घुमारा खोक्यातून आलाच नाही. तो समोर, हवेत कुठेतरी वाजला, कोणीतरी येऊन बसल्यासारखा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

बुधवारी संध्याकाळी भाऊ घरी जेवून हात धुवायला उठले, आणि न्हाणीच्या दारात बसले ते बसलेच. छातीतून कळ निघाली होती म्हणतात.

तेव्हापासून मी मनात तेवढंच मोजते आहे. दार, खिडकी, कोपरा... पाचवीनंतर खांदा. पाचवीनंतर मी उठले असते तर? दोन हात खुर्ची सरकवली असती तर? लोक मला सांत्वनाचं बोलत, वय झालं होतं म्हणत, आणि मला वाटे, यांना त्या खोक्याचं कोणी सांगितलंच नाही. सांगायला हवं ते एकच माणूस होतं. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मी त्यांच्या बायकोपाशी, शेवंताबाईपाशी गेले. ती मागच्या अंगणात एकटीच बसली होती. मी सगळं सांगितलं, सातही जागा, खांदा, माझं हसणं. सांगता सांगता माझाच बांध फुटला, पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना. तिने कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, डाक्टरनं त्यायले दिवाळीतच सांगतलं होतं, पाण्याची बालटीबी उचलाची नाई. मले मालूम होतं, त्यायले मालूम होतं. तुमालेच सांगतलं नाई त्यायनं, काऊन का तुमी मंग त्यायले बलावलंच नसतं. आता तुमी चूप बसा. तेरा दिवस झाले, घरात येनारा हरेक माणूस माह्या आंधी रडून राह्यला. आता मले रडू द्या."