टोपड्यावरचं पिवळं ऊन

आमच्या बातिन्योलच्या गल्ल्यांत अजून सांगतात, इस्त्रीवाल्या ओदिलने भर प्रदर्शनात मादाम सोर्बिएंच्या चित्रावर तापलेली इस्त्री टेकवली. साफ खोटं. तिच्या हातात इस्त्री नव्हतीच. मुठीवर चढवलेलं बारशाचं टोपडं तेवढं होतं.

मादामनी तिला घरी बोलावून, बागेकडच्या खिडकीशी इस्त्री करताना रंगवलं होतं. "बायकांचं रोऽजचं जगणं, ओदिल!" हे त्या नाकातून म्हणत. चित्रात पांढऱ्या टोपड्यावर एक पिवळा फटकारा मारलेला. खाटकाची बायको प्रदर्शनात ते बघून आली ती ओरडतच, "करपवलंय गं बायांनो! चित्रातसुद्धा करपवलंय!" आठवड्यात चार घरांनी आपले कपडे परत नेले. वीस वर्षांत ओदिलच्या हातून साधी लेस पिवळी पडली नव्हती.

तिने तेच टोपडं घेतलं आणि प्रदर्शनात मादामना गाठलं.

"डाग काढा."

"डाग नाही तो. ऊन आहे."

"ऊन तुमच्या घरात. आमच्या गल्लीत त्याला करपलेलं म्हणतात."

"तुला गं चित्रातलं काय कळतं?"

"तुम्हाला इस्त्रीतलं कळतं तेवढं."

मादामनी पाठ फिरवली. मग ओदिल रोज तिकीट काढून चित्राशेजारी उभी राहू लागली. येईल त्याच्या नाकाखाली टोपडं धरायची. "हेच ते. हुंगा, मस्यू, हुंगा! पिवळं केलंय ते बाईसाहेबांनी." लोक पोट धरून हसत, आणि हसत ते मादामना.

मी तिची शेजारीण, गल्लीत तिच्या नकला करून सगळ्यांना हसवणारी. मादाम ब्रशला हात लावणार नाहीत, अशी मी ओदिलशी पैज मारली होती.

चौथ्या दिवशी त्या आल्या, दातओठ खात, आणि पिवळ्यावर पांढरा रंग ओढू लागल्या. मागून ओदिल म्हणाली, "पातळ लावा. कांजी घट्ट झाली की तडकते."

"चित्र मेलं," मादाम म्हणाल्या.

"मरू दे. टोपडं स्वच्छ झालं."

दुसऱ्या दिवशी खाटकाची बायको स्वतः जाऊन खात्री करून आली आणि गाठोडं घेऊन ओदिलच्या दारात उभी राहिली. ओदिलने मान वर केली नाही. पायानेच गाठोडं ढिगाच्या शेवटी सरकवलं. "नंबर आला की बघू."

मी पैज हरले. हरले तर नाताळपर्यंत गल्लीत ओदिलचा आवाज काढून नक्कल करायची नाही, असं ठरलं होतं. लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. आणि तिला वाचता येत नाही.